सहा ते सात

२ फेब्रुवारी

डॉक्टरांनी ही वही करायला लावली. एका रकान्यात ताप, दुसऱ्यात बोटाला लावायच्या चिमट्यातला ऑक्सिजनचा आकडा, तिसऱ्यात "इतर". इतर म्हणजे काय, विचारलं. म्हणाले, "जे जाणवेल ते. खोकला, झोप, भूक." मला जाणवतं ते एवढ्याशा रकान्यात मावायचं नाही, म्हणून वही उलटी करून मागच्या पानापासून माझं सुरू केलं आहे. पुढून बायकोचा ताप, मागून माझा.

शाळा सातवीत सुटली, पण अक्षर अजून बरं आहे. दुकान उघडण्याआधी अर्धा तास मिळतो, तेवढ्यात लिहायचं, नाहीतर रात्री.

डॉक्टर म्हणाले, हिची फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत. स्पंजाचं हळूहळू लाकूड व्हावं तसं. मी म्हटलं, औषध? तर म्हणे, "औषधानं वेग कमी होतो." हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. गिऱ्हाइकाला मीही असंच सांगतो, ग्रीस घालून देतो, थोडे दिवस निघतील.

५ फेब्रुवारी

माझा धंदा मोटरी दुरुस्त करायचा. पंपाच्या, पंख्यांच्या, पिठाच्या गिरणीच्या. आतली तार जळली तर नवी गुंडाळायची, बेअरिंग गेलं तर बदलायचं. हे काम गावात आणखी चार जण करतात. माझ्याकडे लोक येतात ते माझ्या कानासाठी. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या मोटरीला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. आत काय चाललंय ते सगळं ऐकू येतं. मी "पंधरा दिवस" म्हटलं की सोळाव्या दिवशी माणूस हातगाडीवर मोटर घालून दारात उभा. आमचा जुना कारागीर, ज्याला त्याच्या चटकन उडणाऱ्या डोक्यामुळे सगळे "फ्यूज" म्हणतात, तो म्हणतो, "मालक, तुम्ही सांगता म्हणून त्या मोटरी मरतात. मुक्या जिवांना घाबरवता."

काल ऑक्सिजनचं मशीन घरी आणलं. पलंगाशेजारी ठेवलं आणि सुरू केलं, तर बाजूचा पत्रा खडखडत होता. चार स्क्रू, दोन रबरी चकत्या, दहा मिनिटांचं काम. इतकं शांत केलं की ही म्हणाली, "अहो, बंद पडलं की काय?"

६ फेब्रुवारी

आज सकाळी त्यातले दोन स्क्रू पुन्हा सैल केले. थोडा आवाज असलेला बरा, मशीन चालू आहे हे स्वयंपाकघरातून कळतं. हिची थोरली बहीण राहायला आली आहे, तिलाही सोयीचं.

या ताईंची जीभ म्हणजे कानस. दारातून आत येताच, "काय जावईबापू, परवा नीट केलं होतंत ना? आज परत खडखडायला लागलं. असाच धंदा करता वाटतं?"

मी हसलो. एक खरं लिहितो, इथे कोण वाचणार आहे. मशीन शांत झाल्यावर खोलीत दुसरा आवाज ऐकू यायला लागला होता. हिच्या श्वासाच्या शेवटी एक बारीक चरचर येते. डॉक्टरांना ती नळी लावून ऐकावी लागते. मला दारातून ऐकू येते.

८ फेब्रुवारी, रविवार

देवाचं सगळं घरात हिच्याकडे. मी सोळाव्या वर्षी एक पिशवी घेऊन या गावात आलो, तेव्हापासून कोणाकडे काही मागितलं नाही, देवाकडेही नाही. माझं उत्तम चाललं होतं, त्याचंही चाललं असेल. ही मात्र रोज डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य त्याच्याशी बोलते, "आजचा दिवस दिलास, बरं केलंस." आज आकडा शहाऐंशी होता, तरी तेच म्हणाली. मला राग आला. म्हटलं, "यात काय बरं केलं त्यानं?" तर म्हणते, "तुम्ही चहा आणलात की. गेल्या तीस वर्षांत कधी आणला होतात?"

दुपारी उठलो आणि कोपऱ्यावरच्या देवळात गेलो. आत कोणी नव्हतं. लाकडी बाक, एक पंखा, समोर दिवा. मी व्यवहारातला माणूस, नुसतं "वाचव" म्हणणं मला जमत नाही. म्हटलं, देवा, उद्यापासून चाळीस दिवस. रोज संध्याकाळी सहा ते सात. दुकान असो, गिऱ्हाईक असो, वादळ येवो, मी इथे येऊन तोंड बंद ठेवून बसणार. एक दिवस चुकणार नाही. तू सांगशील ते ऐकणार. माझा शब्द कसा असतो ते गावात कोणालाही विचार.

घरी येऊन हिला सांगितलं.

"कोणी सांगितलं असं करायला?"

"कोणी नाही. मीच ठरवलं."

"त्याला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? मी देतोय, तो घेईल."

ती जरा वेळ दम घेत राहिली. मग म्हणाली, "सहालाच माझा ताप चढतो हो. त्या वेळी तुम्ही जवळ असलात तर..."

"ताई आहेत की. आणि हे तुझ्यासाठीच आहे, वेडे."

९ फेब्रुवारी

पहिला दिवस झाला. पाय आखडले. बाकी काही घडलं नाही.

१३ फेब्रुवारी

पाचवा. गप्प बसणं हे माझ्यासारख्याला मोटर उचलण्यापेक्षा जड आहे. तोंड बंद केलं की कान उघडतात. देवळामागे नळ ठिबकतो, वळचणीला कबुतरं आहेत, आणि पंख्याचं बेअरिंग कोरडं पडलं आहे. चार दिवस ते ऐकत होतो. काल सात वाजल्यावर फ्यूजला शिडी घेऊन बोलावलं आणि पंखा उतरवून नीट केला. देवळाची झाडलोट करणारे एक आजोबा आहेत, ते खालून बघत होते. वाटलं, आभार मानतील. म्हणाले, "बरा होता हो तो आवाज. तेवढीच सोबत." आता बघा! फ्यूज शिडी घेऊन जाताना म्हणतो, "मालक, मागणं मागण्याआधी दुरुस्ती करून दिलीत, आता देवाला नाही म्हणता येणार नाही."

मी त्याला रागावलो. पण रस्ताभर मनात तेच घोळत होतं.

घरी ताई दारातच. "आलात? तुमची बायको सहा वाजल्यापासून दाराकडे बघतेय."

"सातला येतो हे माहीत आहे ना तिला?"

"तिला माहीत आहे. तिच्या डोळ्यांना नाही."

१८ फेब्रुवारी

दहावा. आकडा अठ्ठ्याऐंशीवर आला. दोननं चढला! डॉक्टर म्हणाले, असा वरखाली होतो. त्यांना काय माहीत मी काय करतोय ते.

आजपासून शब्दात आणखी एक कलम घातलं. तोंडातून वाईट बोलायचं नाही. कोणाच्याच बाबतीत, मोटरीच्याही नाही. देवावर पूर्ण विश्वास ठेवायचा तर तो घरी एक आणि दुकानात एक असा कसा चालेल? संध्याकाळी बर्फाच्या कारखान्याचे मालक आले, त्यांची मोठी मोटर ऐकायला मला आणि फ्यूजला घेऊन गेले. मी मूठ कानाला लावली. आत बेअरिंगची गोळी खडे चावल्यासारखी बोलत होती. आठवडाही नाही. डोळे उघडले आणि म्हटलं, "चालेल. देवाची कृपा आहे."

ते खूश झाले. फ्यूज माझ्याकडे बघत राहिला. परत येताना धावत यावं लागलं, सहाला दोन मिनिटं होती.

२३ फेब्रुवारी

बर्फवाल्याची मोटर आज पहाटे जाम झाली. सगळा माल वितळून रस्त्यावर पाणी. ते दुकानात आले, पण ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तुमच्या कानावर मी डोळे झाकून चालतो. ऐकू आलं नाही असं होणार नाही. मग मला का नाही सांगितलंत?"



ते गेल्यावर फ्यूजनं पाना आपटला. "तुम्ही ऐकलंत! मी तोंड बघितलं होतं तुमचं. देवानं दिलेला कान देवासाठी बंद करायचा, हा कुठला हिशेब?"

मी म्हटलं, "ही परीक्षा आहे."

"कोणाची? बर्फवाल्याची?"

त्याला समजावणं अवघड आहे. पुढच्या दोन दिवसांत फुकट बेअरिंग बदलून, जळलेली तार नवी भरून द्यायची ठरवलं आणि सहाला देवळात गेलो. पंधरावा. परीक्षा असेल तर मी पास व्हायला हवं, एवढंच मनात.

२८ फेब्रुवारी

विसावा. अर्धं झालं. ताप १०२, आकडा चौऱ्याऐंशी. आता खोलीतून न्हाणीघरापर्यंत जायलाही ती मधे स्टुलावर बसते. आठवड्यापूर्वी चालत जायची.

डॉक्टर घरी आले होते. मला बाहेर बोलावलं. दवाखान्यात नेलं तर नळ्या लावतील, पण त्यातून परत आणता येईल असं नाही. त्यांनी हिलाच विचारलं. ती म्हणाली, "घरीच. खिडकीतून मला समोरच्या वखारीवाल्याची मांजर दिसते. तिकडे काय दिसणार?" डॉक्टर हसले. जाताना मला म्हणाले, "जितकं बसता येईल तितकं जवळ बसा."

मी सांगितलं, रोज बसतो. एक तास सोडून.

४ मार्च

चोविसावा.

खरं लिहितो. देवळात मी म्हणतो, तुझी इच्छा असेल तसं होवो, आणि त्याच श्वासात मनात म्हणतो, पण माझी इच्छा तुला माहीत आहे. तोंडावर अर्ज आणि खिशात धमकी. असं अर्ध्या मनाचं त्याला चालत असेल का? ही चोवीस तास अंथरुणात, तिच्याकडे सगळं मन कुठून येतं?

आज तिला विचारलं. "तू त्याच्याकडे काय मागतेस?"

"काय मागायचं? तो म्हणेल तसं."

"तो काही म्हणतच नाही. मी चोवीस दिवस कान लावून बसलोय."

"म्हणतो हो. तुम्ही मधे बोलता."

"मी? तास तास तोंड उघडत नाही!"

तिला हसू आलं, आणि हसण्यातून खोकला. खोकला थांबेना. ताई धावत आल्या. "हसवू नका तिला, जावईबापू! चार शब्द बोलायला येता आणि दोन तासांचं काम करून ठेवता!" मी दुकानात निघून गेलो. दिवसभर एक मोटर उघडून तशीच पडली होती.

८ मार्च, रविवार

अठ्ठाविसावा. चेहरा बारीक झाला आहे, डोळे मोठे दिसतात. दुपारी मी पाणी पाजत होतो तर तिनं माझं मनगट धरलं.

"एक मागू? हे मशीन मिनिटभर बंद करा. आणि माझ्या पाठीला कान लावा."

"कशाला?"

"जगाच्या मोटरी ऐकता. माझी ऐका. आणि सांगा, किती दिवस."

मी पेला खाली ठेवला. म्हटलं, "असलं काही बोलायचं नाही. चाळीस दिवस पुरे होऊ देत, बघ तू. बारा राहिले."

"मला आता बाराचं नका सांगू. खरं सांगा. मला कळलं की मी तशी आवराआवर करीन. ताई सांगत नाही, डॉक्टर सांगत नाहीत. तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून तुम्हाला विचारते."

"संध्याकाळी बघू," म्हटलं.

संध्याकाळी मी देवळात होतो.

११ मार्च

एकतिसावा. आकडा अठ्ठ्याहत्तर. मशीन पूर्ण जोरावर सोडलेलं.

देवळात आज कबुतरंसुद्धा गप्प. समोरचा दिवा बघत बसलो. एवढी वर्षं मी लोकांना सांगत आलो, मनापासून काम केलं की हाताला यश येतं. एकतीस दिवस याहून मनापासून मी काही केलं नाही. वरून एक ठिणगी नाही. बहिरा आहे की काय, असं मनात आलं. लगेच कान धरले, माफी मागितली. नऊ दिवस राहिले असताना असलं मनात आलेलं परवडायचं नाही.

१३ मार्च

काल मी गेलो नाही.

हे लिहायलाच दुकान लवकर उघडून बसलो आहे. पावणेसहाला बूट घालायला गेलो तर एकच बूट. पलंगाखाली बघितलं, दाराबाहेर बघितलं. "ताई, माझा बूट?" ताई स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या नाहीत, नाहीतर त्या बोलल्याशिवाय राहत नाहीत. मग बघतो तर ही पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून, शाळेतल्या पोरीसारखी छताकडे बघतेय. पांघरुणाखाली बुटाचा आकार.

"दे."

"नाही."

"अगं, सहा वाजत आले. उशीर होईल."

"होऊ दे."

"वेडी आहेस का? बत्तिसावा दिवस आहे! आज मोडलं तर सगळं पाण्यात गेलं!"

"आज नका जाऊ," एवढंच म्हणाली. आवाज असा की मशीनच्या वर येईना. मी घरातल्या चपलांवर जाऊ शकत होतो. अनवाणी जाऊ शकत होतो, दोन मिनिटांचा रस्ता. दारापर्यंत गेलोही. घड्याळाचे टोले पडायला लागले, आणि काय झालं कोणास ठाऊक, माझे पाय पुढे जाईनात. सहावा टोला पडला तेव्हा मी दाराच्या आतच होतो.

परत आलो. खुर्ची घेतली. तिनं पाठ वळवली, एवढ्यालाही तिला दम लागला. मी मशीनचं बटण बंद केलं आणि तिच्या गाऊनवर, खांद्याच्या खाली, कान ठेवला.

हाडं आणि ऊब. चरचर आता शेवटाला नव्हती, पहिल्यापासून होती, आणि तिच्याखाली लांबवर काहीतरी रिकामं. ते मला ऐकताक्षणी कळलं. गेले पाच आठवडे जे दारातून कळत होतं तेच.

बटण चालू केलं.

"सांगा."

"आठ दिवस." माझ्या तोंडून निघून गेलं, जसं गिऱ्हाइकाला जातं. "दोन इकडे तिकडे."

मला वाटलं रडेल. तिनं डोळे मिटले, आणि तिच्या कपाळावरची आठी, जी जानेवारीपासून होती, ती गेली. म्हणाली, "हं. आता बरं वाटलं."

मी रडलो. ती माझ्या डोक्यावर हात ठेवून पडून होती. सात वाजले तेही कळलं नाही.

वाईट बोलायचं नाही, तेही मोडलं. दिवस चुकवायचा नाही, तेही मोडलं. एका संध्याकाळी दोन्ही.

१४ मार्च

काल सहाला गेलो नाही. मोडलेला शब्द पुढे ओढून काय करायचं? घरीच बसलो. ती आवराआवर करतेय, म्हणजे बोलतेय आणि मी करतोय. कपाटातला वरचा कप्पा ताईंना. निळी शाल वखारीवाल्याच्या आईला, तिला गुडघ्यावर घ्यायला. मला साखरेचा डबा कुठे असतो ते दाखवलं. मी तीस वर्षं त्या घरात राहतोय.

तिला इतकं हलकं वाटतंय आणि मला बघवत नाही. तिला माहीत नाही मी काय घालवलं ते.

१६ मार्च

बर्फवाले बघायला आले होते. दारातच थांबले. "तुमचा राग नाही," म्हणाले. मी म्हटलं, असायला हवा.

ही दिवसातून बराच वेळ झोपते. जागी झाली की विचारते, "आहात?" मी म्हणतो, "आहे." एवढंच बोलणं. आज मोजलं, सत्तावीस वेळा.

१८ मार्च

काल दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी.

मी जवळ होतो. मशीन खडखडत होतं, म्हणून आधी कळलं नाही. बटण बंद केलं. तेव्हा कळलं.

आठ म्हटले होते. पाचच निघाले.

१९ मार्च

देवळात गेलो. आजोबा झाडत होते. त्यांना सगळं सांगितलं. माझा शब्द, चाळीस दिवस, बत्तिसाव्या दिवशी मोडला, पाच दिवसांत ती गेली. विचारलं, "मी थांबलो नसतो, गेलो असतो, तर?"

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. "चाळीस कोणी सांगितले होते तुम्हाला?"

"मीच ठरवलं."

"आणि सहा ते सात?"

"तेही मीच."

"मग मोडलं ते तुमचं. त्याचं काय मोडलं?"

म्हातारा माणूस, समजूत घालणारच. पण मला माहीत आहे. त्या संध्याकाळी मला एकच काम होतं, उठून जाण्याचं, आणि तेवढं पाळता आलं नाही. बायकोनं एक बूट लपवला आणि माझी सगळी श्रद्धा दारात अडकली. देवानं माझ्याकडे पूर्ण मन मागितलं होतं. मी ते तिच्या पाठीवर ठेवून आलो.

२० मार्च

आज चाळिसावा असता.

ताई दुपारी गेल्या. सामान रिक्षात ठेवून परत वर आल्या, पाणी प्यायला म्हणून. प्यायल्या नाहीत. म्हणाल्या, "जावईबापू, एक सांगायचं राहिलं. ती सांगू नको म्हणाली होती, पण मी कोणाचं ऐकते?"

आणि मग उभ्या उभ्याच सांगितलं. मी सहाला बाहेर पडलो की ही रोज हात जोडायची. ताप चढलेला असो, बोलता येत नसो. एकच मागणं. आजचा गेला, उद्या तरी यांना माझ्याजवळ बसव. एक तास. बाकी तू म्हणशील तसं.

"रोज?"

"एकतीस दिवस. शेवटी मीच चिडले. म्हटलं, अगं, त्याच्या भरवशावर काय बसलीस, बूट लपव त्यांचा. तिला इतकं हसू आलं! दुसऱ्या दिवशी खरंच माझ्याकडून मागून घेतला. मी म्हटलं, बघ, शेवटी माझ्याच अकलेनं झालं ना? तर म्हणते, तुला ती त्यानंच दिली." ताईंचा आवाज फाटला. "मूर्ख कुठली."

त्या गेल्या. मी जिन्यातून रिक्षा वळेपर्यंत बघत होतो.

म्हणजे रोज सहाला आम्ही दोघं एकाच दारावर थापा मारत होतो. मी कोपऱ्यावरून तिचं आयुष्य मागत होतो आणि ती पलंगावरून माझा एक तास. माझं झालं असतं तर तिचं होत नव्हतं. त्यानं तिचं केलं. बरोबर आहे, तिचं मन सगळं होतं, आणि मागणंही केवढंसं. मला राग येत नाही. येत असता तर काहीतरी धरायला झालं असतं.

एकच गोष्ट समजत नाही. देवाला एकतीस दिवस सांगत बसण्यापेक्षा मला एकदा सरळ तोंडानं सांगायला काय झालं होतं? मी काय परका होतो? एका शब्दानं म्हणाली असती, तर मी गेलोच नसतो. माझे कान असे, की बंद दाराआडची मोटर मला ऐकू येते.

तिनं कुठे काही म्हटलं होतं का ते बघायला ही वही पहिल्यापासून वाचायला घेतली. आठ फेब्रुवारीपर्यंत आलो आणि मिटून ठेवली. पुढे वाचवलं नाही.

पावणेसहा झाले तेव्हा दोन्ही बूट दारात होते. देवळात जायला आता कारण नाही, आणि घरी बसायलाही नाही. ती खुर्ची तशीच पलंगाशी आहे. मशीन दवाखान्याची माणसं घेऊन गेली, तिथे फरशीवर चार डाग राहिले आहेत. त्या खुर्चीवर बसलो. काही मागितलं नाही. मागायला काही सुचलं नाही. खोली एवढी शांत मी कधी ऐकली नव्हती.

सात वाजून गेले. ऊठ असं कोणी म्हणेना, म्हणून बसलो आहे.